कंपनीचा टेप

मुंबई नाक्याकडून द्वारकेला येताना
पुलाच्या सावलीत माझं दुकान.
अकरापर्यंत ऊन पोचत नाही,
म्हणून डिसेंबरात मी कंपनीच्या टेपला
त्याआधी हात लावत नाही.
थंडीत प्लॅस्टिक कडक होतं,
क्लिप मोडते ती कट्‌ करून
आणि गिऱ्हाईक असं बघतं
जसं त्याच्याच बोटाचं हाड गेलं.

क्षेमकल्याणी बाई आल्या तेव्हा साडेदहा झालेले.
त्यांच्या वॅगनारच्या डॅशबोर्डवर दहा त्रेचाळीस.
“तेरा पुढे आहे,” मी न विचारताच म्हणाल्या,
“आमच्याकडे सगळे वजा करतात.”
सातपूरला बेअरिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत,
केसाच्या विसाव्या भागाचा फरक पकडतात म्हणे,
आणि गाडीत तेरा मिनिटं खुशाल चुकलेली.
ऊन येईपर्यंत बसा म्हटलं. स्टूल दिलं.

टेपच्या मागे प्रत्येक गाडीत एक खण असतो,
कुणी केलेला नाही, तरी भरलेला.
रुपयाची दोन नाणी,
चिवड्यातली लसणाची पाकळी, खडा झालेली,
घोटीच्या टोलची पावती, शाई उडून नुसता कागद,
आणि सीडीच्या फटीत कुण्या पोरानं सरकवलेली
चौकटची राणी.
“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं
आम्ही एक्कावन्न पत्त्यांनी खेळतोय.”

लाल वायर चावीबरोबर जागी होते.
पिवळी झोपतच नाही.
गाडी बंद, घर बंद, गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प,
तरी ती बॅटरीतून घोट घोट घेत
स्टेशनं धरून ठेवते, वेळ धरून ठेवते.
म्हणजे चूक असली तर चूकही तीच सांभाळते.
मी कपलर ओढला
आणि बारा वर्षांची तेरा मिनिटं
काही आवाज न करता गेली.
हे मी कुणाला सांगत नसतो.
बिलात त्याला रकाना नाही.

नवा बसवला. नऊ इंची काच,
बोट लावलं की उजळणारी.
त्याला वेळ लावावी लागत नाही,
तो थेट वरून घेतो, सेकंदाला पक्का.
मला काय वाटलं कोण जाणे,
सेटिंगमध्ये गेलो, ऑटोमॅटिक बंद केलं,
मोजून तेरा पुढे ढकलली.
मनात म्हटलं, घरी जाताना बघतील,
ओळखतील, एकट्याच हसतील.

संध्याकाळी फोन.
“मोईनभाई, एवढे पैसे मोजले
आणि घड्याळ चुकीचंच?
अहो, त्याच्यासाठी तर टेप बदलला.
जुन्याचं बटणच दबत नव्हतं सहा वर्षं.”

हसावं की काय करावं.
म्हणजे ती तेरा मिनिटं कुणी जपली नव्हती,
नुसती अडकली होती, त्या राणीसारखी.

दुसऱ्या दिवशी आल्या, दुपारच्या शिफ्टला जाताना.
ऑटोमॅटिक चालू केलं. फुकट, आणि थोडा तोंड लपवून.
आकडे एकदम मागे उडाले.
“आता कसं बरोबर,” त्या म्हणाल्या.
चावी फिरवली. आरसा बघितला. काच बघितली.
आणि मला दिसलं, त्यांचे ओठ हलले,
शाळेतल्या पोरीसारखे, हातचा घेताना.
मग त्यांनी इंजिन बंद केलं.
“वेळ आहे की अजून,” म्हणाल्या, “चहा सांगता?”

वेळ नव्हता.
त्रिमूर्ती चौकाचा सिग्नल मला ठाऊक आहे.
मी दोन सांगितले, आलं घालून.